पाळीचे वय

“टीचर, मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही. काळजी करायची का?” हा प्रश्न मला फोंड्याच्या बाजारात, जत्रेत आणि एकदा तर बाराव्याच्या जेवणात पानावर बसलेली असताना विचारला गेला आहे. मी डॉक्टर नाही. एका हायस्कूलमध्ये 28 वर्षे विज्ञान शिकवले आणि प्रजननसंस्थेचा धडा “घरी वाचून या” असे न म्हणता वर्गात शिकवला, एवढ्याच भांडवलावर हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. तुम्हीही विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहूनच काढते.

मुलगी केवढी आहे असे मी विचारले की आई तिचे वय सांगते. मला हवे असते ते पाळीचे वय, म्हणजे पहिली पाळी येऊन किती काळ लोटला ते. चौदा वर्षांची एक मुलगी पाळीच्या हिशेबाने सहा महिन्यांची असू शकते आणि तिच्याच बाकावर बसणारी दुसरी तीन वर्षांची. दोघींना एकच माप लावले की घरात उगाच घबराट होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिथे घाबरायला हवे तिथे कोणी घाबरत नाही. पहिल्या वर्षात पाळीने मागेपुढे होणे हे स्वाभाविकच धरतात. त्यापुढे तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत 21 ते 45 दिवसांचे अंतर चालते आणि तीन वर्षांनंतर मात्र ते 21 ते 35 दिवसांत बसायला हवे.

असे का होते, तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आणि बीजकोश यांचा आपापसातला निरोप सुरुवातीला पक्का बसलेला नसतो, त्यामुळे अनेक महिने पाळी येते पण बीज सुटलेले नसते. बीज सुटले तरच बीजकोशात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसे तयार होते आणि गर्भाशयाचे अस्तर ठरल्या दिवशी, एकसारखे गळून पडते. बीज सुटलेच नाही तर इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या जोरावर अस्तर नुसते वाढत राहते आणि मग केव्हातरी, जागा मिळेल तिथून, तुकड्यातुकड्याने गळू लागते. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला मानस, म्हणजे पाणी सोडायचे दारच, ठेवली नाही तर आत चढलेले पाणी जसे वाटेल तिथून बांध फोडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच दोन महिने न आलेली पाळी पुष्कळदा दहा-बारा दिवस थांबत नाही.

आता मोजणीबद्दल, कारण माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी मोजणीतच संपल्या आहेत. रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असते. पाळी संपल्यापासून नव्हे. “एका महिन्यात दोनदा आली” म्हणून घाबरलेल्या एका आईच्या मुलीला 2 जुलैला आणि 28 जुलैला पाळी आली होती, म्हणजे अंतर 26 दिवसांचे, अगदी व्यवस्थित. दुसरीची पाळी “जुलैत आलीच नाही”, कारण ती 29 जूनला आली आणि मग 3 ऑगस्टला. ते होतात 35 दिवस. महिन्याची पाने आपण छापली आहेत, शरीराला ती ठाऊक नसतात. दूध आणि गॅस सिलिंडर ज्या कालनिर्णयावर लिहिले जातात, त्यावरच एक लहानसे टिंब करायला मुलीला सांगावे, आणि भिंतीवरचे टिंब भावाला दिसेल म्हणून ती लाजत असेल तर तिच्या वहीत.

अंतर मात्र अर्धीच गोष्ट सांगते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी भाची तेरा वर्षांची असताना, पहिली पाळी येऊन आठ महिने झाले होते तेव्हा, बहिणीने फोन करून सांगितले की सत्तर दिवसांनी पाळी आली आहे. मी फोनवर तिला वरचा सगळा धडा शिकवला, “पहिलेच वर्ष आहे, असे होते” म्हणून धीर दिला आणि फोन ठेवला. दिवसाला किती पॅड लागतात हे मी विचारलेच नाही. बाराव्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना तिला भोवळ आली आणि तपासणीत हिमोग्लोबिन 7.4 निघाले, जे या वयात 12 तरी हवे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, रात्री उठून पॅड बदलावा लागतो का? तासा-दोन तासांना पॅड भिजत असेल, किंवा स्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तर पाळीचे वय कितीही कोवळे असो, थांबायचे नाही. पहिल्या पाळीपासूनच असा स्राव होणाऱ्या काही मुलींच्या रक्तात गोठण्याचा जन्मजात दोष असतो. व्हॉन विलेब्रँड हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा. भाचीची ती तपासणी चांगली आली. पुढे हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी आवरली आणि लोहाच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात, एवढे सांगण्यापुरती तरी मावशी कामाला आली.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की प्रश्न फिरतो आणि “पाळी पुढे ढकलायची गोळी देऊ का?” असा होतो. माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधताना, नैवेद्य करताना घरात “अडचण” नको म्हणून फार्मसीतून नॉरएथिस्टेरॉन आणून मुलींना परस्पर दिले जाते. ही गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायची असते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्या मुलीची तारीखच ठरलेली नाही तिच्यासाठी हे गणित मांडायचे कसे? शिवाय गोळीनंतर आलेला स्राव खरी पाळी समजून पुढची मोजणी सुरू होते आणि सगळाच हिशेब फिसकटतो. गणपतीला चालत नाही असे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही, पण तो वाद आपल्या घरात मी घालत नाही; डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका, एवढाच आग्रह धरते.

दुसरा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो तो पीसीओडी, म्हणजे बीजकोशाचा एक हार्मोनविकार. सोनोग्राफीत बीजकोशावर बारीक बारीक फुगे दिसले की घरात मुलीच्या लग्नापर्यंतची चर्चा होते. या वयातल्या निरोगी बीजकोशातही असे पुष्कळ फुगे दिसतात, आणि म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असे 2018 पासूनची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अनियमित पाळीच्या जोडीला हनुवटीवर राठ केस, हटत नसलेली मोठी मुरुमे, किंवा रक्तात वाढलेले पुरुषी हार्मोन असेल तर गोष्ट वेगळी. थायरॉइड, झपाट्याने घटलेले किंवा वाढलेले वजन, अतिव्यायाम, दहावी-बारावीचा ताण ही कारणेही डॉक्टर तपासतात. तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली आली नाही, तर मात्र वाट पाहू नये.

डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलायचे म्हणाल्या तर रागावू नका. चुकलेल्या पाळीत गर्भधारणेची शक्यता विचारणे हे त्यांचे कामच आहे, आणि आईसमोर मुलगी जेवण सोडल्याचेही सांगत नाही. तेवढा वेळ आईने बाहेर बसावे. बाहेर बसणे आपल्याला नवे नाही. “आतून तपासतील का?” ही भीती असेल, तर या वयात बहुधा त्याची गरज पडत नाही. रक्ततपासणी होते आणि लागलीच तर पोटावरून सोनोग्राफी. त्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले लागते, म्हणून पाण्याची बाटली बरोबर घ्या, टिंबांची वही विसरू नका, आणि आत बोलावणे येईपर्यंत मुलीला लघवीला पाठवू नका.