शके 1856 चा पौष आणि माझगावचा आगवाला

चिनी भाषा येते म्हटलं की लोकांना कन्फ्यूशियस आठवतो. माझ्या वाट्याला येतात चाकणच्या कारखान्यांतल्या हायड्रॉलिक प्रेसची मॅन्युअलं, सुट्या भागांच्या याद्या आणि शेनचेनहून आलेली कोटेशनं. त्यामुळे एका शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर थडग्याच्या दगडाचा फोटो येऊन पडला तेव्हा वाटलं, चुकून आला असावा.

दगड मुंबईच्या चिनी दफनभूमीतला. पाठवणारा तिशीतला मुलगा. जन्म मुंबईचा, बोलणं बंबइया हिंदी आणि बऱ्यापैकी मराठी, चिनी अक्षरओळख शून्य. पणजोबा बोटीच्या बॉयलरवर आगवाला होते, गोदीत उतरले ते माझगावातच राहिले, एवढंच घरात ठाऊक. त्याच्या आईला मूळ गाव एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण 1934 सालच्या मृत्यूच्या नोंदींत पणजोबा सापडत नव्हते. आणि मोबाइलच्या अ‍ॅपने दगडावर वाचलेलं ‘शिननिंग’ नकाशावर थेट हूनान प्रांतात निघत होतं, समुद्रापासून कित्येक मैल आत. “ताई, डोंगरातला माणूस बोटीवर कशाला जाईल?” प्रश्न रास्त होता.

त्याला म्हटलं, सकाळी ऊन तिरपं असताना दगडावर पाणी ओत आणि पुन्हा फोटो काढ. नव्या फोटोत अक्षरांच्या खाचा उठून दिसल्या. मधल्या उभ्या ओळीत नाव, उजवीकडे मूळ ठिकाण, डावीकडे तारीख. ठिकाणाच्या ओळीचा वरचा भाग, म्हणजे नेमका प्रांत, कुणीतरी डागडुजी करताना सिमेंटखाली घालवला होता.

आधी तारीख घेतली. चिनी प्रजासत्ताकाचं 23 वं वर्ष, बारावा महिना, सोळावा दिवस. त्या गणनेत 1911 मिळवले की इसवी सन येतो, म्हणून 1934; घरच्यांचा हिशोब इथेच थांबला होता. पण थडग्यावरची तिथी बहुतेक वेळा चांद्र असते. आपल्याकडे शके 1856 मध्ये 78 मिळवून कुणी 1934 काढले, तरी त्या शकातला पौष 1935 च्या जानेवारीतच पडतो. चिनी बारावा महिना म्हणजे जवळपास आपला पौषच. तैवानच्या अकॅडेमिया सिनिका या संस्थेने दोन हजार वर्षांच्या चिनी तिथ्यांचं इसवी तारखांत रूपांतर करणारी सोय इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. तीत तिथी घातली, उत्तर आलं 20 जानेवारी 1935. पंचांग उघडून बघितलं, त्या दिवशी पौष वद्य प्रतिपदा! त्याला लगेच कळवलं, 1935 ची नोंदवही बघा.

ठिकाणाचं कोडं जरा चिवट होतं. चीनच्या इतिहासासाठी आज घरबसल्या जे मिळतं ते पाहून खरंच डोळे दिपतात. हार्वर्डचा चरित्रकोश पाच लाखांहून जास्त माणसांचा आहे, वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहांतली जुनी हस्तलिखितं पानन् पान बघता येतात, प्राचीन ग्रंथ तर शब्द टाकून शोधता येतात. पण त्या चरित्रकोशात प्रामुख्याने परीक्षा देऊन अधिकारी झालेली माणसं. कोळसा ओढणाऱ्याला तिथे कोण विचारतो?

धागा मिळाला तो माझगावच्याच देवळात. मुलाच्या आईला विचारलं, नवीन वर्षाला कुठे जायचात? म्हणाल्या, “अपने सी यप कून में, और कहाँ?” 1919 साली बांधलेलं हे चिनी देऊळ, आणि त्याच्या नावातच दक्षिण किनाऱ्यावरच्या क्वांगतुंग प्रांतातल्या चार तालुक्यांचा उल्लेख आहे. त्या चारांपैकी ताइशानचं जुनं नाव शिननिंग. हूनानमध्येही त्याच नावाचा तालुका असल्यामुळे 1914 मध्ये ते बदललं. सरकारदरबारी बदललं, बोटीवरच्या माणसांच्या तोंडी नाही. वीस वर्षांनीही दगडावर जुनंच कोरलं गेलं. माणूस समुद्रकाठचाच होता.

आता तालुक्यातलं गाव. इथे उपयोगी पडली ती चक्क अमेरिकन वकिलातीची यादी. 1882 पासून अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्मनोंदी जळाल्या आणि तिथल्या नागरिकाचा कागदोपत्री मुलगा होऊन आत शिरण्याची वाट मोकळी झाली. मग उलटतपासणी सुरू झाली. तुमच्या गल्लीत घरं किती, विहीर कुठल्या बाजूला, असले प्रश्न. तो संशय पुढे कायद्यापेक्षा जास्त टिकला. 1960 च्या दशकात हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीने ताइशान आणि आसपासच्या तालुक्यांतली गावं आडनावांनुसार मांडून ठेवली, सांगितलेलं गाव-आडनाव पडताळता यावं म्हणून. पुढे तिथल्याच वंशजांनी ती यादी इंटरनेटवर शोधता येईल अशी चढवली. माणसं अडवायला केलेलं काम आता माणसांना घरी पोचवतंय, आणि ते कुठल्याही विद्यापीठाच्या कोशापेक्षा माझ्या कामाचं निघालं. दगडावर गावाचं जे नाव होतं, त्या नावाची गावं तालुक्यात एकापेक्षा जास्त, पण दगडावरच्या आडनावाचं एकच. उपग्रहाच्या नकाशावर ते लगेच दिसलं: कौलांच्या सरळ रांगा, पुढ्यात अर्धगोल तळं.

कुलवृत्तान्त मात्र हाती लागला नाही. शांघायच्या ग्रंथालयात अशा वह्यांचा प्रचंड साठा आहे, पण या घराण्याच्या या शाखेची वही तिथल्या यादीत दिसत नाही. मिळाली असती तरी पणजीचं नाव तीत असण्याची शक्यता कमीच. अशा वह्यांत बायका बहुधा माहेरच्या आडनावापुरत्याच.

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. 1935 च्या वहीत नोंद सापडली. नावाचं स्पेलिंग भलतंच, धंदा खलाशी, तारीख 20 जानेवारी. मागून आईचा आवाज: “पूछ, वीजा के फॉर्म में जिला क्या लिखना है.”

सोबत त्यांनी शेजारच्या दोन दगडांचेही फोटो पाठवलेत, त्यांच्या घरचं कुणी फिरकत नाही म्हणून. एकावर हुपेई प्रांत आहे, तिथे अमेरिकन यादी काही कामाची नाही. दुसऱ्याला आधी पाणी ओतून फोटो काढायला सांगितलंय.