चंद्राला कागद कोण लावणार

७ मे २०२५, बुधवार, रात्र

आज देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. टीव्हीवर भोंगा वाजला, आणि चहा गाळता गाळता माझा हात थांबला. तोच तो आवाज, वर चढणारा, खाली येणारा, पुन्हा चढणारा. चोपन्न वर्षं होत आली, पण पोटात गोळा यायला एक क्षण पुरला. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

१९७१ साली मी आठ वर्षांची होते. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची दहा बाय बाराची खोली. बाबा नौदलाच्या गोदीत फिटर. ३ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. रात्री सगळी चाळ शेजारच्या काकांच्या रेडिओभोवती जमली होती. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई बोलल्या. त्या काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. ऐकणाऱ्या मोठ्या माणसांचे चेहरे मात्र अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी आईने कणकेची खळ शिजवली. खिडकीच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या, म्हणजे स्फोटाने काच फुटली तरी तुकडे अंगावर उडू नयेत. त्यावर काळा कागद. दिव्याला पुठ्ठ्याची नळी, उजेड फक्त ताटावर पडेल एवढी. रस्त्यावरच्या मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासलेला. कुठे फट राहून उजेड दिसला, की खालून शिट्टी आणि आरोळी यायची, ‘दुसरा मजला, लाइट बंद करा!’ शाळेत शिकवलेलं होतं: भोंगा झाला की पालथं पडायचं, कानात बोटं घालायची, दातांत रुमाल धरायचा. माझा रुमाल मी उशीखाली ठेवून झोपायचे.

गिरणगावात भोंग्याची भीती कुणाला नसायची. भोंग्यावर तर आमचं घड्याळ चाले. पण गिरणीचा भोंगा एकसुरी, आणि हा हेलकावे खाणारा. धोका टळला की पुन्हा एकसुरी भोंगा व्हायचा, अगदी गिरणीसारखा. त्या आवाजाने मला एवढं बरं वाटायचं की डोळ्यांत पाणी यायचं.

खरी भीती मात्र भोंग्याची नव्हती. चंद्राची होती.

नुकतीच दत्तजयंती झालेली. मार्गशीर्षातली पौर्णिमा उलटून जेमतेम दीड दिवस. सगळी मुंबई दिवे मालवून गप्प बसलेली आणि वर लखलखीत चांदणं! गॅलरीचे कठडे, गिरण्यांच्या चिमण्या, वाळत घातलेलं लुगडं, सगळं स्पष्ट दिसत होतं. आजी गॅलरीच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘आमी सगळे दिवे घालवले, पण त्या चंद्राक काळो कागद कोण लावतलो?’ ती सहज बोलली असेल. माझ्या मनात ते रुतून बसलं. विमानातल्या माणसाला आमची चाळ दिसणार, गोदी दिसणार, गोदीतले बाबा दिसणार. बाबा त्या दिवसांत रात्र रात्र घरी येत नव्हते. मी रोज देवासमोर एकच मागणं मागायचे: आज चंद्र उशिरा उगवू दे.

आणि तो खरंच रोज उशिरा उगवू लागला. आठ वर्षांच्या मुलीला कलांचं गणित कुठलं ठाऊक? मला वाटलं, देव माझं ऐकतोय. आठवडाभरात आम्ही जेवून अंथरुणावर पडेपर्यंत बाहेर दाट काळोख असायचा. त्या काळोखात मी निर्धास्त झोपायला लागले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी राहायच्या. त्यांचा धाकटा भाऊ नौदलात खलाशी. तो नेमका कोणत्या बोटीवर आहे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ‘खुकरी’ बुडाल्याची बातमी आली तेव्हा वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. आईने त्यांना हाताला धरून आत नेलं. त्या रात्री आमच्या मजल्यावर कुणी मोठ्याने बोललं नाही.

९ डिसेंबरच्या रात्री, नऊच्या आसपास, दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून निघाले नाहीत. हे सगळं मी मोठी झाल्यावर वाचलं. मग एकदा सहज त्या वर्षीची तिथी काढून पाहिली. कृष्णपक्षातली सप्तमी-अष्टमी. चंद्र उगवायचा मध्यरात्रीच्या सुमाराला. म्हणजे ती माणसं पाण्यात पडली तेव्हा समुद्रावर उजेडाचा कण नव्हता. मी मागितलेला काळोख तो. माझ्या मागण्याने काही घडलं नाही, हे मला पक्कं कळतं. तरी त्या रात्री मी किती गाढ झोपले असेन, हा विचार अजून टोचतो.

आणखी एक गोष्ट पुढे समजली. आमच्या गोदीतून गेलेल्या बोटींनी कराचीवर मारा केला, केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या आणि दिवसच्या दिवस जळत राहिल्या. तिथेही घरोघरी काळे कागद लावले असणार. माझ्याएवढी एखादी मुलगी खिडकीशी उभी असणार, आणि तिच्या आकाशात काळोख उरलाच नसणार. मुंबईवर एकही बॉम्ब पडला नाही. मी ज्याला घाबरत होते, ते तिच्या वाट्याला आलं.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. दुसऱ्या दिवशी रात्री युद्ध थांबलं. अमावस्येचा सुमार होता, आणि खालच्या रस्त्यावर कितीतरी दिवसांनी दिवे लागले. चाळीत पेढे वाटले. मुलांनी काळे कागद टराटरा फाडले. खळीचे डाग मात्र काचांवरून निघेनात, आई कित्येक महिने घासत होती.

वहिनींनी त्यांचा कागद काढला नाही. सगळी चाळ उजळलेली, आणि एका खिडकीत काळोख. काही दिवसांनी पोस्टमन आला. भाऊ दुसऱ्या बोटीवर होता, सुखरूप होता. पण त्याच्या बरोबरीने भरती झालेला गावचा मित्र ‘खुकरी’वर होता, हेही त्याच पत्रात होतं. वहिनींनी पत्र दोनदा वाचलं, स्टुलावर चढून कागद काढला, नीट घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिला.