सकाळी दहाचा एकमेव खेळ

मंगळवार, रात्री उशिरा

चित्रपट पाहण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकण्याची वेळ नोकरीला लागल्यापासून माझ्यावर कधी आली नव्हती; आज आली. ब्रॅडी कॉर्बे यांचा ‘द ब्रुटलिस्ट’ मोठ्या पडद्यावरच पाहायचा, असे मी फार आधीपासून ठरवून ठेवले होते, आणि तो लागला तेव्हा दिवसभरात त्याचा एकच खेळ होता, तोही सकाळी दहाचा आणि तोही फक्त कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी ती वेळसुद्धा त्याच्याकडून काढून घेतली होती, कारण त्या दोन दिवशी तेथे एका मोठ्या चित्रपटाचा सातवा की आठवा खेळ लावलेला होता. वरिष्ठांना रजेचे कारण ‘घरगुती काम’ असे सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते, कारण घरातल्या घरात या चित्रपटावरून इतके दिवस चर्चा चालू होती.

सभागृहात आम्ही अकरा जण होतो. मोजायला वेळ भरपूर मिळाला, कारण या चित्रपटाला पंधरा मिनिटांचे मध्यंतर आहे आणि ते चित्रपटगृहाने मधेच कुठेतरी कापून घातलेले नसून दिग्दर्शकाने स्वतः रचलेले आहे. पडद्यावर लग्नातले एक जुने छायाचित्र स्थिर राहते आणि त्यावर उलटे मोजणारे घड्याळ चालू असते. एरवी दिवे लागताच लोक बाहेर धावतात, परंतु आज बहुतेक जण जागेवरच बसून राहिले आणि घड्याळाकडे पाहता पाहता एकमेकांशी बोलू लागले. माझ्या मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की, हे सगळे फार उत्तम चालले आहे, पण मला भीती वाटते ती उत्तरार्धाची. दोन तरुण मुली आवाजाविषयी आणि सुरुवातीच्या संगीताविषयी बोलत होत्या. मी नेहमीप्रमाणे ऐकण्याचे काम केले.

त्या गृहस्थांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. महायुद्धातून वाचून अमेरिकेत आलेला हंगेरियन ज्यू वास्तुविशारद, त्याला आश्रय देणारा आणि विकत घेऊ पाहणारा धनिक, आणि त्या दोघांमध्ये उभी राहणारी एक प्रचंड काँक्रीटची वास्तू, एवढ्या सामग्रीवर पूर्वार्ध अतिशय आत्मविश्वासाने चालतो. उत्तरार्धात मात्र लेखकांना आपले म्हणणे प्रेक्षकापर्यंत पोहोचले की नाही, अशी शंका येऊ लागलेली दिसते. शेवटी १९८० मधल्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनाचा जो उपसंहार येतो, त्यात नायकाच्या भाचीचे भाषण आहे, आणि त्या भाषणात त्या वास्तूचा अर्थ शब्दांत सांगून टाकला जातो. जिन्यावरून उतरताना याच मुद्द्यावर आमचे छोटेसे भांडण झाले. त्या दोन मुलींपैकी एकीला ते भाषण म्हणजे चित्रपटाची किल्ली वाटली, दुसरीला ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे वाटले. मी दुसरीच्या बाजूचा आहे. जी गोष्ट छताच्या उंचीने आणि भिंतींच्या अरुंदपणाने आधीच सांगून झाली होती, ती पुन्हा व्यासपीठावरून सांगण्याची गरज नव्हती. तरीही नायकाचे काम करणाऱ्या एड्रियन ब्रॉडी यांचा चेहरा आणि व्हिस्टाव्हिजन पद्धतीने चित्रित केलेल्या त्या रुंद, खोल चौकटी डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत. ही पद्धत १९५० च्या दशकातली. तिच्यात ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते, त्यामुळे प्रत्येक चौकटीला अधिक क्षेत्रफळ मिळते.

बुधवार

रात्री ताईचा फोन आला. कालच्या चित्रपटाविषयी मी अर्धा तास बोललो आणि शेवटी ‘तू पाहायलाच हवास’ असे म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, “मला शनिवारशिवाय सवड नाही, आणि शनिवारी तो नाही. मग मी नक्की कधी पाहू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गेल्या रविवारी ती तो मोठा चित्रपट पाहून आली होती. कसा होता, असे विचारल्यावर म्हणाली, “ठीक होता. त्या वेळी तोच होता.”

‘त्या वेळी तोच होता’ हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. चित्रपटांविषयीची आपली मते आपण आवडीनिवडीतून बनवतो असा आपला समज असतो, पण त्या आधी एक निवड वेळापत्रक करून मोकळे झालेले असते. ताईचे तिकीट त्या चित्रपटाच्या यशाच्या आकड्यात मोजले गेले. तिला दुसरे काहीतरी पाहायचे होते, याची नोंद मात्र कुठेच झाली नाही. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची एक संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रपट लागण्याच्या पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हातात मतपत्रिका देते आणि त्यावरून ए प्लसपासून एफपर्यंतची श्रेणी ठरवते. ही पद्धत प्रामाणिक आहे यात शंका नाही, परंतु तिच्यात मत विचारले जाते ते आत शिरलेल्यांना. ज्याला त्या रात्री तो चित्रपट कुठेच सापडला नाही, त्याच्या हातात मतपत्रिका कोण देणार?

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मी स्वतःला फार शहाणा समजू लागेन. रजा टाकून आणि खोटे बोलून जो चित्रपट पाहिला, तो वाईट होता असे म्हणण्याची माझी कितपत तयारी होती? कालच्या अकरा जणांपैकी प्रत्येकाने काहीतरी गैरसोय सोसली होती, आणि गैरसोय सोसलेला प्रेक्षक दिलदार होतो. दुर्मीळ चित्रपटांना जी भरघोस स्तुती मिळते, तिच्यातला काही वाटा चित्रपटाचा असतो आणि काही त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या खटपटीचा. उलट, सहज मिळालेल्या चित्रपटाला आपण घड्याळ पाहत पाहत ‘ठीक’ म्हणून टाकतो. उपसंहाराविषयी काल मी जी तक्रार केली, ती मला आज थोडी अधिक ठामपणे करावीशी वाटते, ती याच संशयामुळे.

गुरुवार

शुक्रवारपासूनचे नवे वेळापत्रक आज संध्याकाळी आले आणि त्यातून ‘द ब्रुटलिस्ट’ गेला आहे. एकच आठवडा, पाच खेळ. मंगळवारी आम्ही अकरा होतो, तर आज कदाचित वीस असतील, कारण जिन्यावर भांडणारी माणसे घरी जाऊन गप्प बसत नाहीत. पण माउथ पब्लिसिटीला फिरायला दहा-बारा दिवस लागतात आणि चित्रपटाला मिळतात सात.

चित्रपटगृहवाल्यांवर सगळा राग काढण्यात मात्र अर्थ नाही. हिशेब सोपा आहे. हा चित्रपट मध्यंतर धरून तीन तास पस्तीस मिनिटांचा आहे. जाहिराती, येणे-जाणे आणि साफसफाई धरली की एक खेळ चार तासांच्या पुढे जातो, म्हणजे सकाळी दहा ते मध्यरात्रीपर्यंत एका पडद्यावर त्याचे जेमतेम तीन खेळ बसतात. पावणेदोन तासांच्या चित्रपटाचे तेवढ्याच वेळात पाच किंवा सहा होतात. दिग्दर्शकाने घेतलेल्या प्रत्येक जास्तीच्या मिनिटाचे भाडे प्रदर्शकाला भरावे लागते, आणि शुक्रवार ते रविवार हेच दिवस खरे कमाईचे असल्यामुळे तो ते भाडे त्या दिवसांत भरायला तयार होत नाही.

मला अधिक नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. फिल्मच्या काळात चित्रपट कमी ठिकाणी लागायचा याला एक दिसणारे कारण होते. ३५ मिलिमीटरच्या एका रिळात साधारण वीस मिनिटे मावतात, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सहा रिळे. ती छापायला पैसा लागे, ती एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यावी लागत, आणि प्रती मोजक्या असल्यामुळे वाट पाहणे क्रमप्राप्त होते. आता चित्रपट म्हणजे एक डिजिटल फाइल. प्रत काढण्याचा खर्च नगण्य झाला, तेव्हा सगळ्यांना सगळे पाहायला मिळेल असे मी भाबडेपणाने समजत होतो. प्रत्यक्षात ती फाइल कुलूपबंद येते, आणि ती उघडणारी सांकेतिक चावी ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. मुदत संपली की चित्रपट समोर असूनही उघडत नाही. टंचाई संपली नाही, ती रिळांमधून वेळापत्रकात गेली. शिवाय जी प्रत काढायला फुकट, ती एकाच इमारतीतल्या सहा पडद्यांवर एकाच वेळी लावायलाही फुकटच, आणि हा फायदा सर्वांत आधी मोठ्या चित्रपटांच्या ध्यानात आला.

त्याची सुरुवात डिजिटलच्याही आधीची आहे. जून १९७५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ अमेरिकेत एकदम ४०९ चित्रपटगृहांत, दूरदर्शन-जाहिरातींच्या मोठ्या माऱ्यासह लागला, आणि तो इतका चालला की सगळीकडे एकाच दिवशी लावणे हाच पुढे मोठ्या चित्रपटांचा रिवाज झाला. त्यापूर्वी सर्वसाधारण पद्धत अशी होती की, चित्रपट आधी मोजक्या शहरांत लागे आणि लोकांच्या बोलण्याच्या वेगाने हळूहळू पसरे. आजही काही जण ही पद्धत वापरतात. २००२ मध्ये ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ अमेरिकेत केवळ १०८ ठिकाणी सुरू झाला, एकाही आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोहोचला नाही, आणि तरीही महिनोन्‌महिने टिकून तिथे त्याने २४ कोटी डॉलरहून अधिक कमावले. २०२२ मध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ आधी अवघ्या १० चित्रपटगृहांत लागला होता. पण थोड्या जागी सुरू करून वाढवत नेणे वेगळे आणि थोड्या जागी लावून विसरून जाणे वेगळे. क्लिंट ईस्टवुड यांचा ‘ज्युरर नं. २’ २०२४ मध्ये अमेरिकेत पन्नासापेक्षाही कमी चित्रपटगृहांत लावला गेला. दिग्दर्शक ९४ वर्षांचे, समीक्षकांची मते अनुकूल, आणि तरीही वाढ अशी जवळजवळ नाही. तो मी घरीच पाहिला आणि मला आवडला. पण शेवटच्या क्षणी दारात उभे असलेले माणूस पाहून सभागृहात सगळे एकदम श्वास रोखतात की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

घरी पाहता येते, हीच तर या सगळ्याची सोयीस्कर समजूत आहे. महासाथीच्या आधी चित्रपटगृहातला चित्रपट घरी यायला साधारण तीन महिने लागत. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल ही चित्रपट कंपनी आणि एएमसी ही अमेरिकेतली चित्रपटगृहांची साखळी यांच्या करारात ही मुदत १७ दिवसांपर्यंत खाली आली, म्हणजे जेमतेम तीन शनिवार-रविवार. प्रेक्षक यातून काय शिकला? थांबायला शिकला. तो थांबला की पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या, खुर्च्या रिकाम्या म्हणून दुसऱ्या आठवड्यात खेळ नाही, आणि खेळ नाही म्हणून थांबणे भागच. मीही या फेऱ्यात आहे. गेल्या वर्षभरात ‘नंतर घरी पाहू’ म्हणून सोडून दिलेल्या चित्रपटांची यादी केली तर ती पाहिलेल्यांपेक्षा लांब होईल, आणि त्यांतले बहुतेक घरीही पाहिलेले नाहीत. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर स्वीकारताना दिग्दर्शक शॉन बेकर यांनी चित्रपटगृहे वाचवण्याचे आवाहन केले होते आणि महासाथीच्या काळात अमेरिकेने जवळजवळ एक हजार पडदे गमावल्याचे सांगितले होते. ते भाषण मी अंथरुणात आडवा पडून फोनवर पाहिले, हे इथे नमूद करणे मला भाग आहे.

कधीकधी मात्र उलटे घडते, आणि ते वाचले की बरे वाटते. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट त्या छोट्या देशात चित्रपटगृहांच्या इतिहासातला सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला. त्यात एकही संवाद नाही. पुरात सापडलेले एक मांजर आणि एका नावेत त्याच्यासोबत अडकलेले काही प्राणी, एवढीच गोष्ट. ब्लेंडर या कोणालाही मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर तो तयार झाला आणि त्याला ऑस्करही मिळाले. तिथल्या प्रेक्षकांनी तो पाहिला, कारण तो त्यांचा होता. आणि त्यांना तो पाहता आला, कारण तो लागलेला होता. यातले दुसरे कारण आपण बोलताना नेहमी वगळतो.

शुक्रवार

नव्या वेळापत्रकात ‘फ्लो’ आहे. पुढच्या बुधवारी, सकाळी दहाचा एकच खेळ, बहुधा त्याच सभागृहात. ताईला लगेच कळवले आणि हेही लिहिले की, बुधवारनंतर तो राहील याची मी हमी देत नाही.

तासाभराने तिचे उत्तर आले: “रजा अर्धी टाकू की पूर्ण?”

चित्रपट पंच्याऐंशी मिनिटांचा आहे. दोन तास उशिरा येते म्हणून सांगितले तरी भागेल, असे मी कळवले. दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. आसनांच्या नकाशात आमच्या दोन जागा सोडल्या तर आणखी तीन भरलेल्या दिसतात, आणि त्यांतल्या दोन शेजारी-शेजारी आहेत. त्या मुली असतील तर या वेळी भांडायला संवादच नाहीत.