हनुवटीच्या कडेची खाच

हेल्मेटचा पट्टा लावताना बोटाला लागली ती. घोडबंदर रोडला पेट्रोल भरायला थांबले होते, पट्टा परत अडकवताना उजवीकडे जबड्याच्या कडेला एक खाच लागली, म्हणजे हाड सरळ येतं आणि एकदम पायरी उतरल्यासारखं आत जातं. डावीकडे पण होती, जरा कमी.

हनुवटीचं ऑपरेशन होऊन तेव्हा चार महिने झालेले. जिनिओप्लास्टी, म्हणजे तोंडाच्या आतून चिरा देऊन हनुवटीचं हाड आडवं कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूने बसवतात. तुकडा पुढे गेला की कापाच्या मागच्या टोकाला अशी पायरी पडू शकते, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आई म्हणायची, "काही दिसत नाही गं, तूच सारखी चाचपत बसतेस." पण बाजूने उजेड पडला की सावली दिसायची ना.

शेवटी नौपाड्यात दुसऱ्या सर्जनना दाखवलं. त्यांनी आधी थांबायला लावलं, कारण सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं आणि सुजेवर काही केलं तर नंतर परत वेडंवाकडं दिसतं. मग सीटी स्कॅन, थ्रीडीवाला. स्क्रीनवर माझंच हाड फिरवून त्यांनी पायरी दाखवली आणि म्हणाले, हनुवटीवर जे खळगे पडतायत ना बोलताना, ते हाडाचे नाहीत, स्नायूचे आहेत, त्याला बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन लागेल, कानस लावून उपयोग नाही. हे ऐकून मी गप्पच झाले, कारण मी तर सगळं एकच समजत होते.

वर आलेली कड घासता येते, पण खाच भरावीच लागते. हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे खाचेत टोचायचं जेल, काही महिने टिकतो, आवडला नाही तर इंजेक्शनने विरघळवता येतो. पोटाची चरबी टाकली तर त्यातली बरीचशी शरीर शोषून घेऊ शकतं, म्हणून कधीकधी परत करावं लागतं. परत हाड उघडायचं म्हणजे ओठाला संवेदना देणारी नस तिथेच जवळ, आणि माझ्या खालच्या ओठाला डावीकडे अजून मुंग्या येतात, त्यामुळे ते मी नकोच म्हटलं.

गेल्या महिन्यात उजवीकडे फिलर घेतला. पट्टा लावताना बोट अजून तिथेच जातं, पण आता अडकत नाही. डावीकडचं सध्या राहू दे.