बंद खोली आणि रुबाबदार फायलो व्हान्स

मायकेल कर्टिझ यांनी १९३३ साली वॉर्नर ब्रदर्ससाठी दिग्दर्शित केलेला 'द केनेल मर्डर केस' हा जेमतेम सव्वा तासाचा कृष्णधवल चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला. आतून बंद असलेल्या शयनगृहात आर्चर को नावाच्या श्रीमंत संग्राहकाचा मृतदेह सापडतो. हातात पिस्तूल असल्यामुळे पोलीस ती आत्महत्या समजतात. पण युरोपच्या प्रवासाला निघालेला हौशी गुप्तहेर फायलो व्हान्स ही बातमी कळताच बेत रद्द करून परततो आणि मग उघड होते की, त्या माणसावर गोळी झाडलेली आहेच, शिवाय त्याला भोसकलेलेही आहे.

व्हान्सच्या भूमिकेत विल्यम पॉवेल आहेत. निर्दोष शिवलेला सूट, किंचित तिरकस स्मित आणि कधीही न चढणारा आवाज एवढ्या भांडवलावर ते सारा पडदा व्यापतात. मूळ कादंबऱ्यांमधला व्हान्स मला विद्वत्तेचे प्रदर्शन मांडणारा, काहीसा असह्य गृहस्थ वाटतो. पॉवेल यांनी त्याचा तो ताठा काढून केवळ सभ्यपणा ठेवला, हे उपकारच म्हणायचे. जेवणावरून सतत उठावे लागते म्हणून कुरकुरणारा शवचिकित्सक तर प्रत्येक प्रवेशात हशा वसूल करतो.

सर्वांत देखणा भाग मात्र दाराच्या कडीचा. बाहेरून दोऱ्याने ती आत कशी सरकवता येते, हे कर्टिझ संवादांत न सांगता शांतपणे दाखवतात.