एकाच चाकूत चार प्रकारचे पाणी

माझ्या टेबलाच्या खणात व्हिक्टोरिनॉक्सचा 91 मिलिमीटरचा लाल घडीचा चाकू गेली वीस वर्षे आहे. पात्याच्या खाचेत नख अडकवून ओढले की आधी स्प्रिंगचा जोर लागतो, मग पाते हलकेच वळते आणि शेवटी ‘टक्’ आवाज करून जागेवर बसते. अलीकडे भाच्याने त्याच बनावटीचा नवा चाकू आणला. डोळे मिटून दोन्ही आळीपाळीने उघडले, तेव्हा कोणता माझा हे मला ओळखता आले नाही. आयुष्यभर टूलरूममध्ये डाय (पत्र्यातून भाग कापण्याचे पोलादी साचे) बनवणाऱ्या माणसाला याचे किती अप्रूप वाटावे, हे त्याच धंद्यातल्यांना लगेच कळेल.

हे चाकू स्वित्झर्लंडमधील इबाख गावी बनतात. कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये तिथे कारखाना काढला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पण माझ्या मते सारखेपणाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे वर्ष 1931 आहे, कारण त्या वर्षी तिथे विजेवर चालणारी हार्डनिंगची, म्हणजे पोलाद तापवून कडक करण्याची, भट्टी बसली. लोखंडाचा रंग चेरीसारखा झाला की नाही, हे लोहाराने डोळ्याने ठरवायचे म्हटले, तर ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात त्याचा अंदाज एक राहत नाही. भट्टीचे तापमान मात्र रोज तेच ठेवता येते. पात्याचे पोलाद 1040 अंशांपर्यंत तापवून हार्ड करतात आणि नंतर 160 अंशांवर टेम्पर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा बेताने तापवतात.

त्यातही सगळ्या भागांना एकच पाणी, म्हणजे सारखाच कडकपणा, देत नाहीत. मोठे पाते 56 रॉकवेल (कडकपणाचे माप), करवत आणि कात्री 53, डबा फोडण्याचे हत्यार 52, तर स्प्रिंग आणि बूच काढण्याचे मळसूत्र 49. पात्याला धार टिकवायची असते, स्प्रिंगला हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायचे असते. स्प्रिंगला पात्याइतके कडक पाणी दिले तर ती काही दिवसांत तुटेल.

पाणी देण्याआधी पोलादाच्या पट्टीतून हे भाग पंचने, म्हणजे डायमध्ये दाबून कापणाऱ्या हत्याराने, कापतात. पंच बोथट होत गेला की कडेला बर (कापताना उरणारी खरखरीत कड) वाढते आणि भोकाचे मापही सरकते, म्हणून शंभरावा तुकडा पहिल्यासारखा हवा असेल तर आधी डायची निगा राखावी लागते. जाडीचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण स्विसचॅम्प या मॉडेलमध्ये 64 भाग असतात आणि प्रत्येक तुकडा दोन शतांश मिलिमीटरने जाड भरला, तर असे दहा तुकडे एकावर एक ठेवल्यावर चूक दोन दशांशांवर जाते. तेवढ्यानेही पितळी रिव्हेट ठोकल्यावर पाती आवळून बसतात. मी नोकरीला होतो त्या कारखान्यात एकदा असेच घडले होते. पट्टीची जाडी आम्ही फक्त कडेला मोजली होती, मध्यभागी नाही. सुटा प्रत्येक भाग तपासणीत पास झाला आणि जोडणीनंतर सगळा लॉट खोलावा लागला. ती पट्टी पास करणारी सही माझी होती.

खरी कसोटी पात्याच्या टाचेची, म्हणजे रिव्हेटसाठी भोक असलेल्या मागच्या टोकाची, असते. स्प्रिंग टाचेवर दाबून बसते आणि टाचेच्या दोन सपाट बाजूंमुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते. त्या दोन्ही बाजू भोकापासून नेमक्या अंतरावर असतील तरच चाकूची पाठ दोन्ही स्थितींत सपाट राहते. म्हणून मी दोन्ही चाकू खिडकीशी नेले, पाती उघडली, मिटली आणि पाठीवरून अंगठ्याचे नख फिरवले. नव्या चाकूच्या पाठीवर नख कुठेही अडकले नाही. माझ्या चाकूवर ते मोठ्या पात्यापाशी, पाते उघडे असतानाच, किंचित अडले. सर्वांत जास्त वापर त्याच पात्याचा झाला आहे.