साइडमाउंट: ठाण्याच्या तरणतलावातून मालवणच्या समुद्रात

साइडमाउंट ही स्कूबा डायव्हिंगची एक पद्धत; तिचं निम्मं काम काठावरच होतं. पाठीवरच्या हवेच्या एका टाकीऐवजी दोन्ही बगलांखाली एकेक टाकी असते, आणि ती अंगाला समांतर राहावी यासाठी दोरी-क्लिपांची जुळवाजुळव करावी लागते. मालवणच्या हलत्या होडीत त्याला ना जागा, ना वेळ. म्हणून आधी ठाण्यातल्या तरणतलावात एक पूर्ण सकाळ काढावी. (खाडीत सराव का नको, असं विचारणारेही असतात. तिथे फ्लेमिंगो दिसतात, स्वतःचा हात दिसत नाही.)

ओपन वॉटर (स्कूबाचं प्राथमिक) सर्टिफिकेट आधी हवं. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या साइडमाउंट कोर्सला वयाची अट 15 वर्षं; एक डाइव्ह तलावात, तीन खुल्या पाण्यात. तलाववाल्यांना टाक्यांची कल्पना देऊन ठेवा आणि काठावर रबरी मॅट अंथरा. भरलेली अॅल्युमिनियमची टाकी सुमारे 17 किलोची असते; ती फरशीवर आपटली की पुढची परवानगी विसरा.

टाकीच्या खालच्या भागावर पट्टा आणि त्याला दोरीने बांधलेला बोल्ट स्नॅप, म्हणजे स्प्रिंगची क्लिप. पाण्यात उतरल्यावर आधी हा स्नॅप कमरेमागच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला), मग बगलेतली बंजी (रबरी दोरी) टाकीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हभोवती. पट्टा वर सरकला तर व्हॉल्व्ह बगलेखाली उतरतो आणि टाकीचं बूड मागे लोंबतं. पट्टा गोल फिरला असेल तर टाकी वळते आणि व्हॉल्व्ह फिरवायची नॉब हाताला लागत नाही.

तलावात बहुतेकांची गल्लत होते ती भरलेल्या टाक्यांमुळे. 11 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला जवळपास पावणेतीन किलो हवा असते. ती संपत आली की अॅल्युमिनियमची टाकी तरंगू लागते आणि बूड वर उचलतं. तासाभराच्या सरावात ही वेळ येतच नाही, ती थेट समुद्रात येते. त्यामुळे एक फेरी मुद्दाम 50 बारच्या टाक्यांवर करा. बूड उचललं की खालचा स्नॅप मागून काढून कमरेच्या पुढच्या डी-रिंगला लावायचा. हातमोजे घालून, न बघता जमेपर्यंत.

दोन्ही टाक्या स्वतंत्र असल्याने हवा आलटूनपालटून घ्यावी लागते. दोन टाक्यांच्या गेजांतला (दाबमापकांतला) फरक 30 ते 50 बारच्या पुढे जाऊ देऊ नका. उजव्या टाकीला श्वासाची सुमारे दोन मीटरची लांब नळी, डावीला आखूड, गळ्यातल्या बंजीत अडकवलेली. तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरणारा इन्फ्लेटर सहसा डाव्या टाकीवर असतो. ती टाकी बंद करण्याचा सराव करताना तोही बंद पडतो, तेव्हा जॅकेट तोंडाने फुगवायचं.

मालवणसाठी ठाण्याहून कोकणकन्येने कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटी. नवी मुंबईकरांनी पनवेलहून चढताना तारीख नीट बघावी, गाडी तिथे मध्यरात्रीनंतर येते. पावसाळ्यात डायव्हिंग बंद. डाइव्ह सेंटरला आधीच फोन करून दोन गोष्टी विचारा: व्हॉल्व्ह डिन की योक (त्याला नळ्यांचा संच जोडायच्या दोन पद्धती), आणि डाव्या हाताचा व्हॉल्व्ह आहे का. दोन्ही उजव्या हाताचे निघाले तर डाव्या टाकीची नॉब अंगाकडे येते. बंद-चालू करण्याचा सराव त्याच टाकीवर पुन्हा करावा लागतो.

खाऱ्या पाण्यात तलावापेक्षा साधारण दोन-तीन किलो शिसं (खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं वजन) जास्त लागतं. ते सगळं कमरेला न बांधता थोडं पाठीच्या कण्यावर वर घ्या, नाहीतर पाय खाली ओढले जातात. टाक्या होडीवाल्याने दोरीने पाण्यात सोडाव्यात, आपण आधी उतरावं. परतीच्या गाडीआधी स्नॅप गोड्या पाण्यात भिजवून दाबून बघा. त्यातली स्प्रिंग मिठाने सगळ्यात आधी अडकते.